हातातला रेडिओ स्कॅनर: काय ऐकावे आणि काय सोडून द्यावे

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांत इंदूरच्या मराठी घरांमध्ये परदेशी गेलेली मुले-नातवंडे येतात, आणि त्यांच्या सामानातून अधूनमधून असे एखादे यंत्र निघते की ज्याबद्दल घरात कोणालाच नेमके काही सांगता येत नाही. वॉकीटॉकीसारखे दिसणारे, वर आखूड रबरी अँटेना असलेले, पण बोलायचे बटण नसलेले हे यंत्र म्हणजे रेडिओ स्कॅनर. मी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवानाधारक असल्यामुळे मग फोन मला येतो. रामबागेतल्या एका स्नेह्यांच्या भाच्याने मला विचारले, ‘‘काका, याच्यातून आपण बोलत तर नाही, नुसतं ऐकतो. मग त्याला परवाना कशाला लागतो?’’ प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत बसत नाही. यंत्र बरोबर चालवणे आणि ते कायद्यात राहून चालवणे या दोन गोष्टी स्कॅनरच्या बाबतीत एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एक सोडून दुसरी सांगताच येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी यंत्राविषयी. साध्या रेडिओत आपण एका केंद्रावर काटा लावतो आणि तिथेच थांबतो. स्कॅनर मात्र साठवलेल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक, सेकंदाला कित्येक या वेगाने तपासत जातो, आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थबकतो. बोलणे संपले की क्षणभर वाट पाहून पुढे निघतो. अमेरिकेतून येणाऱ्या सामानात बहुधा युनिडेन कंपनीचा बीसी १२५ एटी असतो. त्यात ५०० चॅनेल, म्हणजे फ्रिक्वेन्सी साठवण्याच्या जागा, असतात, ५० चा एक असे त्यांचे १० गट केलेले असतात, आणि हा संच २५ ते ५४, १०८ ते १७४, २२५ ते ३८० आणि ४०० ते ५१२ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यांत ऐकू शकतो. आता हे आकडे जरा नीट पाहावेत. आपली एफएम केंद्रे १०८ मेगाहर्ट्झच्या खाली संपतात आणि आकाशवाणी इंदूरची मध्यम लहरींवरची जुनी जागा ६४८ किलोहर्ट्झ ही आहे. म्हणजे मालवा हाउसचे, अर्थात आकाशवाणी इंदूरचे, प्रक्षेपण असो वा खासगी एफएम, सर्वांसाठी प्रसारित होणारे आणि कोणीही निर्धास्तपणे ऐकावे असे जे काही इंदूरच्या हवेत आहे, त्यातले हा संच काहीच ऐकवत नाही. त्याला ऐकू येते ते जवळजवळ सगळे दुसऱ्या कोणाच्या तरी कामाचे असते. अपवाद हौशी रेडिओच्या पट्ट्यांचा आणि एखाद-दुसऱ्या परवानामुक्त पट्टीचा. आयकॉमचा आयसी-आर६ हा त्याहून लहान संच मध्यम लहरींपासून १३०० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत पोचतो, त्यामुळे त्यावर निदान आकाशवाणी तरी लागते.

कायद्याची गोष्ट इथूनच सुरू होते. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टच्या तिसऱ्या कलमाने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यालाच मनाई केलेली आहे. बोलण्याला मनाई आणि ऐकण्याला मोकळीक, असा भेद त्या कलमात नाही. ‘बाळगणे’ एवढेच पुरेसे आहे. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना टपाल कचेरीत जाऊन घरच्या रेडिओचा परवाना दरवर्षी नवा करून घेतल्याचे, त्या पुस्तिकेत तिकिटे चिकटवल्याचे आठवत असेल. ती सक्ती याच व्यवस्थेतून आलेली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर प्रसारणे ऐकण्याच्या संचांना त्यातून मुक्त करण्यात आले, आणि तेव्हापासून ‘ऐकायला परवाना लागत नाही’ ही समजूत आपल्याकडे पक्की झाली. परंतु सूट मिळाली ती प्रसारण ऐकण्याच्या संचाला. पोलीस, विमानतळ, रेल्वे, अग्निशमन दल यांच्या पट्ट्या चाळणारे यंत्र त्या सुटीत बसत नाही.

त्या कायद्यातली शिक्षा वाचून काही जण हसतात. प्रक्षेपक, म्हणजे संदेश पाठवणारा भाग, नसलेल्या यंत्रासाठी पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्याला २५० रुपयांपर्यंत दंड, असे त्याचे सहावे कलम सांगते. प्रक्षेपक असेल तर मात्र तीन वर्षांपर्यंत कारावास, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १०० रुपयांचे हसू आले तरी त्याच कलमातल्या दुसऱ्या दोन तरतुदी वाचल्यावर ते मावळावे. एक म्हणजे न्यायालय यंत्र जप्त करण्याचा आदेश देऊ शकते. दुसरी अशी की, यंत्र ज्याच्या ताब्यात दिसते, किंवा ज्याच्या ताब्यातल्या जागेत सापडते, त्याने ते बाळगले आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. पाहुणा परत गेला आणि त्याचा स्कॅनर आपल्या माळ्यावर राहिला, तर ‘तो माझा नाही’ हे पटवून देण्याचे काम घरमालकाच्या अंगावर येते.

शिवाय आता केवळ १९३३ च्या कायद्याकडे पाहून चालत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ टप्प्याटप्प्याने अमलात आणला जात असून त्यातले ४२ वे कलम २६ जून २०२४ पासून लागू झालेले आहे. बेकायदेशीरपणे संदेश मध्येच टिपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. या कल्पनेत नवे काही नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत गुप्ततेविषयी एक स्वतंत्र कलम, सतरावे, आहे. सर्वसाधारण जनतेसाठी नसलेले रेडिओ संदेश विनापरवाना टिपण्याला, आणि टिपलेल्याचा मजकूर किंवा नुसते त्याचे अस्तित्वसुद्धा उघड करण्याला प्रतिबंध करावा, असे बंधन सदस्य देशांनी त्यात स्वतःवर घालून घेतलेले आहे. प्रत्येक देश ते किती कडकपणे पाळतो हा भाग निराळा.

‘‘पण तिकडे तर सगळे उघड ऐकतात,’’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते खरेही आहे. अमेरिकेच्या १९८६ च्या केंद्रीय कायद्याने सर्वसामान्यांना सहज ऐकू येणारे, सांकेतिक न केलेले कितीतरी प्रकारचे संदेश ऐकण्याची मुभा ठेवलेली आहे, आणि त्यात पोलिसांचे व विमानांचे साधे बोलणे येते. मात्र तिथेही मोबाइल फोनचे बोलणे ऐकणे हा गुन्हा आहे. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्टीतले मोबाइल ऐकू शकतील असे स्कॅनर बनवण्यावर आणि आयात करण्यावर १९९४ पासून बंदी आहे, आणि काही राज्ये मोटारीत स्कॅनर ठेवण्यावरही निर्बंध घालतात. ब्रिटनमध्ये स्कॅनर दुकानात खुशाल विकत मिळतो, पण २००६ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणे गुन्हाच ठरते. प्रसारण केंद्रे, हौशी रेडिओ, सिटिझन बँड (सर्वसामान्यांना मोकळी ठेवलेली पट्टी) आणि हवामानाचे व दिशादर्शनाचे संदेश एवढेच मोकळेपणी ऐकावे, असे तिथले नियामक सांगतात. तेव्हा अमेरिकेचा नियम हा जगाचा नियम नव्हे, आणि खोक्यावर छापलेली ‘पोलीस, फायर, एअर’ ही जाहिरात अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी आहे.

विमानांच्या पट्टीविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे, कारण मोह तिथेच सर्वांत जास्त असतो. वैमानिक आणि नियंत्रक ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्टीत एएम पद्धतीने बोलतात. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरकस संदेश दुबळ्याला पार गिळून टाकतो; एएममध्ये दोन्ही आवाज एकमेकांवर चढलेले का होईना पण ऐकू येतात, आणि कोणीतरी दुसरा बोलू पाहतो आहे हे नियंत्रकाला कळते. म्हणून विमानवाहतुकीने ही जुनी पद्धत अजून धरून ठेवली आहे. या लहरी सरळ रेषेत जातात आणि किती लांब पोचतात ते उंचीवर ठरते. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. १२ मीटर उंच गच्चीवरून ते साधारण १४ किलोमीटर येते, पण १० हजार मीटरवरून जाणाऱ्या विमानासाठी ४०० किलोमीटरच्या पुढे जाते. त्यामुळे विमानतळापासून कितीही दूर राहणाऱ्या माणसाला हातातल्या संचावर डोक्यावरून जाणारे विमान स्वच्छ ऐकू येऊ शकते, आणि ‘एवढे सहज ऐकू येते ते चोरून कसले’ असे त्याला वाटू लागते. ऐकू येण्याची सोय आणि ऐकण्याचा हक्क यांचा काही संबंध नाही. मी ही पट्टी ऐकत नाही आणि कोणाला ऐकायला सांगत नाही.

इंदूरकराने या बाबतीत अधिकच जपून राहावे असे माझे मत आहे. आपल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत महू आहे. तिथली छावणी जुनी आहे, आणि सैन्याच्या सिग्नल शाखेच्या अधिकाऱ्यांना दूरसंचाराचे शिक्षण देणारे महाविद्यालयही तिथेच आहे. अशा गावाच्या शेजारी कोणी गच्चीवर लांब अँटेना लावून, कानाला यंत्र लावून बसला, तर त्याच्याकडे कोणी संशयाने पाहिले यात नवल नाही. त्या वेळी खिशात परवान्याची प्रत असणे आणि यंत्राच्या स्मृतीत आक्षेपार्ह काही नसणे, या दोनच गोष्टी उपयोगी पडतात.

परवाना मिळवणे हे वाटते तेवढे कठीण नाही. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा, जिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात, हौशी रेडिओची परीक्षा घेते, आणि अर्ज सरल संचार या संकेतस्थळावरून करता येतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही बसता येते. परीक्षेत रेडिओचे तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. वरच्या, म्हणजे जनरल श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीही लागते, खालच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी लागत नाही. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांत पूर्वी केवळ ऐकणाऱ्यांसाठी शॉर्टवेव्ह लिसनर असा एक स्वतंत्र परवाना होता. पुढे श्रेण्यांची फेररचना झाली तेव्हा तो गेला, आणि माझ्या मते ते वाईट झाले, कारण शाळकरी मुलांसाठी तीच पहिली पायरी होती. परवाना हातात आल्यावरही एक भान ठेवावे लागते. तो हौशी केंद्राचा असतो. त्यामुळे हौशी पट्ट्यांवर ऐकण्या-बोलण्याचा अधिकार मिळतो, इतर सेवांचे संदेश ऐकण्याचा मिळत नाही. विस्तृत पट्ट्यांचा स्कॅनर घ्यायचा असेल तर डब्ल्यूपीसीला आधी लेखी विचारावे आणि लेखीच उत्तर घ्यावे. विक्रेत्याच्या ‘काही होत नाही, साहेब’ या आश्वासनावर राहू नये.

आता परवाना आहे आणि यंत्र कागदोपत्री नीट आहे असे धरून चालू. पहिले काम म्हणजे जुनी स्मृती पूर्ण पुसून टाकणे. वापरलेला संच असेल तर पहिल्या मालकाने त्याच्या शहरातल्या पोलिसांचे, रुग्णवाहिकांचे चॅनेल भरून ठेवलेले असतात. इथे ते निरुपयोगी तर आहेतच, शिवाय त्याच फ्रिक्वेन्सी भारतात भलत्याच कोणाला तरी दिलेल्या असू शकतात. कारखान्याच्या मूळ स्थितीवर आणून रिकाम्या यंत्रापासून सुरुवात करावी.

दुसरे काम बॅटरीचे, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. बीसी १२५ एटीचे मागचे झाकण काढले की दोन पेन्सिल सेलच्या जागेत एक बारीक सरकता खटका दिसतो. एका बाजूला साधे अल्कलाइन सेल, दुसऱ्या बाजूला पुन्हा चार्ज होणारे निकेल सेल, अशी त्याची खूण असते. खटका निकेलच्या बाजूला ठेवून आत अल्कलाइन सेल घातले आणि यूएसबीची तार जोडली, तर यंत्र ते सेलही चार्ज करू पाहते. अल्कलाइन सेल अशा वेळी तापतात, गळतात, फुटूही शकतात. महाराणी रोडवरून सेल आणले की ते बसवण्यापूर्वी नखाने खटका योग्य बाजूला सरकवून घ्यावा आणि मगच झाकण लावावे.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘स्कॅन’ आणि ‘सर्च’ यांतला फरक. स्कॅनमध्ये यंत्र आपण स्वतः भरलेले चॅनेल तेवढे तपासते. सर्चमध्ये ते खालच्या हद्दीपासून वरच्या हद्दीपर्यंत सरसकट चालत जाते आणि जिथे आवाज लागेल तिथे थांबते. हे म्हणजे वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाचे दार ढकलून पाहण्यासारखे आहे. परदेशी चोपड्या आणि व्हिडिओ सर्चची तारीफ करतात, कारण तिथे तीच गंमत आहे. भारतात मात्र ज्याला नियमांत राहायचे आहे त्याने स्कॅनवर राहावे, आणि सर्च वापरायचाच असेल तर त्याच्या हद्दी १४४ ते १४६ किंवा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या देशात हौशींना दिलेल्या पट्ट्यांपुरत्या आखून घ्याव्यात. अमेरिकेत हौशींची पट्टी १४८ पर्यंत जाते आणि संचात त्याच हद्दी आधीपासून भरलेल्या असतात. आपल्याकडे १४६ च्या पुढे दुसऱ्यांचे राज्य सुरू होते, म्हणून त्या हद्दी हाताने बदलाव्या लागतात. क्लोज कॉल नावाची सोय, जी जवळपासचा कुठलाही जोरकस प्रक्षेपक आपोआप पकडते, ती मी कायमची बंद ठेवली आहे. शहरात ती चालू केली की पहिला सापडतो तो बहुधा शेजारच्या संकुलातला सुरक्षारक्षक.

यानंतर स्क्वेल्च. कोणी बोलत नसताना येणारी खरखर दाबून ठेवणारे हे नियंत्रण नीट लावले नाही, तर बाकीची सारी मेहनत वाया जाते. फार कमी ठेवला तर यंत्र पहिल्याच चॅनेलवरच्या खरखरीला बोलणे समजून तिथेच अडकते. फार वाढवला तर ते अखंड फिरत राहते, पण दुबळे संदेश सोडून देते आणि आपल्याला वाटते की पट्टीवर कोणीच नाही. रिकाम्या चॅनेलवर थांबून स्क्वेल्च पूर्ण उघडावा, खरखर सुरू झाली की ती नेमकी बंद पडेपर्यंत सावकाश वाढवावा, आणि त्यापुढे अगदी किंचित. सकाळी लावलेला स्क्वेल्च दिवेलागणीनंतर चालत नाही, कारण तोवर घराघरांतले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर सुरू झालेले असतात. ही खरखर आपल्याच घरातली आहे का हे पाहायचे असेल तर स्कॅनर सेलवर चालू ठेवून घराचा मुख्य स्विच क्षणभर बंद करावा. आवाज एकदम बसला तर दोष आपल्या छताखालीच आहे.

फ्रिक्वेन्सीची पायरी, जिला स्टेप म्हणतात, हाही असाच दुर्लक्षित भाग. अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रे दर १० किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे दर ९ वर. ६४८ ला ९ ने भाग जातो, १० ने जात नाही. त्यामुळे मध्यम लहरी ऐकवणारा संच १० च्या पायरीवर राहिलेला असेल तर तो ६४० वरून थेट ६५० वर उडी मारतो आणि आकाशवाणी इंदूरची जागा हुकतेच. ऐकण्याची पद्धतही तशीच जुळवावी लागते. एफएम प्रसारण रुंद असते, हौशींचे एफएम अरुंद. रुंद केंद्र अरुंद पद्धतीने ऐकले तर आवाज फाटतो, आणि अरुंद संदेश रुंद पद्धतीने ऐकला तर तो इतका क्षीण येतो की यंत्र बिघडले असे वाटावे. ७ मेगाहर्ट्झवर संध्याकाळी भारतीय हॅमच्या गप्पा रंगतात, त्या सिंगल साइडबँड पद्धतीच्या असतात आणि बहुतेक हातातल्या स्कॅनरना ती पद्धत येतच नाही. त्यासाठी वेगळा ग्राहकसंच, म्हणजे रिसीव्हर, लागतो. परवाना मिळेपर्यंत ज्याला नुसता कान तयार करायचा आहे त्याने नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर संगणकावर उघडावा. तिथला ग्राहकसंच इंटरनेटवरून चालवता येतो, आणि स्क्वेल्च, पट्टीची रुंदी, साइडबँड हे सगळे त्यावर हौशींची बोलणी ऐकत शिकता येते.

अँटेनाबद्दल थोडेच सांगतो. ७५ या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते: १४५ साठी सुमारे ५२ सेंटिमीटर, ४३५ साठी सुमारे १७. संचाबरोबरची रबरी अँटेना सगळ्या पट्ट्यांना थोडीथोडी पुरावी म्हणून केलेली तडजोड असते. योग्य लांबीची दुर्बिणीसारखी उघडणारी दांडी लावली की फरक लगेच कळतो. मात्र फार मोठी अँटेना लावून १४५ वर एफएम केंद्राची गाणी ऐकू येऊ लागली, तर ती केंद्रे तिथे आलेली नसतात. त्यांच्या जोराने संचाचा पुढचा भाग गुदमरलेला असतो. अशा वेळी जोर कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर चालू करावा. वर प्रवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, जोडण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्याने दुखणे वाढते. काही चॅनेलवर कोणीच नसताना यंत्र थांबते, ते त्याच्या स्वतःच्याच आतल्या लहरींमुळे; ते चॅनेल लॉकआउट करून, म्हणजे तपासणीतून वगळून, टाकावेत.

एवढे सगळे केल्यावर ऐकायचे तरी काय, असे कोणी विचारेल. माझे उत्तर १४५.८०० मेगाहर्ट्झ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे हौशी केंद्र या फ्रिक्वेन्सीवर खाली बोलते, आणि ते पृथ्वीवरच्या हौशींसाठीच असते. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावर होते तेव्हा ४ जुलै २०२५ रोजी त्यांनी विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून संवाद साधला होता, तो याच उपक्रमातला. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे त्याचे क्षितिज हजारो किलोमीटरचे असते. इंदूरवरून त्याची फेरी चांगली असली तर दहाएक मिनिटे संदेश टिकतो. ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे डॉपलर परिणाम होतो: येताना फ्रिक्वेन्सी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेली लागते, जाताना तेवढीच खाली. म्हणून मी १४५.८०५, १४५.८०० आणि १४५.७९५ असे तीन चॅनेल ओळीने भरून ठेवले आहेत. गच्चीवर जाऊन स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवायचा आणि नुसती खरखर ऐकत उभे राहायचे. संदेश येतो तो अचानक येत नाही. आधी खरखरीचा पोत मऊ होतो, मग तिच्या तळाशी माणसाचा आवाज जाणवू लागतो, आणि अँटेना आडवी-तिरपी करत गेले की एका कोनात तो आवाज एकदम पुढे येतो. कधी कधी स्थानकावरून चित्रेही पाठवली जातात. ती कानाला किरकिर करणाऱ्या सुरासारखी लागतात, दोन मिनिटांत एक या गतीने येतात, आणि स्कॅनरच्या स्पीकरजवळ मोबाइल धरून योग्य अ‍ॅप चालू केले की पडद्यावर ओळीओळीने उमटत जातात. आमच्या इमारतीतल्या मुलांना यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास मिळाल्याचे मला ठाऊक नाही, आणि त्यात कायद्याचा कुठे अडथळाही नाही.

तरीही एखादे वेळी नको ते कानावर पडणारच. चॅनेल भरताना एक आकडा चुकतो, किंवा जोरकस संदेश भलतीकडे उमटतो. असे झाले तर तिथून निघावे आणि तो चॅनेल पुसावा. हौशी परवान्यातही गुप्ततेची अट असते: अधिकार नसलेला संदेश कानी पडला तर त्याचा मजकूर कोणाला सांगायचा नाही, लिहून ठेवायचा नाही, त्याचा उपयोग करायचा नाही. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर लाखोंची गर्दी उसळलेली असताना पोलिसांच्या वायरलेसवर काय चालले आहे हे ऐकण्याची उत्सुकता मी समजू शकतो. पण त्यातले एक अर्धवट वाक्य व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गेले, तर त्या गर्दीत काय होऊ शकते याची कल्पना प्रत्येक इंदूरकराला करता येईल. ऐकणाऱ्यापेक्षा पुढे ढकलणारा मला अधिक दोषी वाटतो.

शेवटी वॉकीटॉकीचा विषय, कारण गणेशोत्सवाच्या आधी मंडळांची मुले हमखास तो काढतात. अनंत चतुर्दशीच्या झाँकीत, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीत, स्वयंसेवकांना एकमेकांशी बोलायला संच हवे असतात, आणि ऑनलाइन दुकानांत ते स्वस्तात दिसतात. स्कॅनर केवळ ऐकतो. हे संच प्रक्षेपण करतात, म्हणजे वर सांगितलेली कारावासाची तरतूद त्यांना लागू पडते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीतले ठरावीक कमी शक्तीचे संच आपल्याकडे परवानामुक्त आहेत, तसेच २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड पाच वॉटपर्यंत. बाकीच्या पट्ट्यांवर चालणारे संच परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. नियमबाह्य वॉकीटॉकी ऑनलाइन विकल्या जात असल्याच्या कारणावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये विक्री-संकेतस्थळांना नोटिसा काढल्या आणि मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. त्यामुळे खरेदी करणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात: संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते आकड्यांत लिहिलेले आहे का, त्याला डब्ल्यूपीसीची उपकरण-मान्यता आहे का, आणि बिलावर दोन्हींचा उल्लेख आहे का. विक्रेता यांतले काही लिहून द्यायला तयार नसेल, तर मंडळाच्या वर्गणीतून तो संच घेऊ नये. आधीच घेतलेला असेल तर झाँकीत तो चालू करू नये, मुलांच्या खिशातले मोबाइल त्या रात्रीपुरते पुरेसे असतात.